मुंग्या कुठून येतात ते आधी बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत 'पायाला मुंग्या येतात? करून बघा हे घरगुती उपाय' असा अर्धं पान लेख आला होता. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, कांस्याच्या वाटीनं तूप लावून तळपाय घासा, बी कॉम्प्लेक्सची गोळी सुरू करा वगैरे. लेख वाईट हेतूनं लिहिला असं माझं म्हणणं नाही, कांस्याची वाटी तर मी स्वतः चार महिने घासून घेतलीय, झोप छान लागते त्यानं. पण अख्ख्या लेखात एक वाक्य नव्हतं की बाबांनो या मुंग्या येतायत कशामुळे ते आधी शोधा. आणि दुसरं म्हणजे त्यातला पहिला आणि शेवटचा उपाय, दोन्ही माझ्यावर चांगलेच शेकलेत, पहिला तर अक्षरशः, शेवटचा इंजेक्शनच्या रूपात. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावली तरी चालेल पण इंजेक्शनचा भाग तेवढा कापू नका.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, आता रिटायर होऊन कराडला असतो. शुगर २०११ पासून, मेटफॉर्मिन चालू. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, कोणी सुरू केली आठवत नाही आणि बंद करायला कोणी सांगितलं नाही म्हणून सहा-सात वर्षं चालूच. घरात माळ, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. हे सगळं आत्ता लिहितोय कारण पुढं याच तीन गोष्टींनी घात केलाय, पण तेव्हा मला किंवा कुणालाच त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

२०२३ च्या दिवाळीत सुरू झालं. आधी दोन्ही पायांची बोटं, जसं मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो ना तसं, फक्त तो दोन मिनिटांत जागा होतो आणि हा होईना. मग तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायला लागलं. एकदा संध्याकाळी देवळातून घरी आलो तर मंडळी म्हणाल्या अहो एक चप्पल कुठाय? खाली बघितलं तर डाव्या पायात चप्पलच नाही! कुठं निसटली पत्ता नाही, तशीच गल्ली तुडवत आलो होतो. आम्ही दोघं हसलो तेव्हा. आणखी एक, आंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, भिंत धरायला लागायची. मला वाटलं बीपी असेल.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. माणूस भला, रात्री-बेरात्री उठून येणारा. पण त्यांनी पाय बघितलाच नाही, मी बूटमोजे घालून गेलो होतो ते तसेच परत घेऊन आलो. 'सर वय झालं, नसा कमजोर होतात' म्हणून ते बी१२ जीवनसत्त्वाचं लाल इंजेक्शन, एक दिवसाआड पाच. आता गंमत बघा, त्यानं मला बरं वाटलं! मुंग्या निम्म्यावर आल्या. बरं वाटलं म्हणून पाचावर थांबलो आणि विसरलो. सात-आठ महिन्यांनी परत सुरू, या वेळी हाताची बोटं पण. शर्टाचं बटण लावताना बटण हातात आहे का नाही ते बघून खात्री करायला लागायची.

मग हाडांचे डॉक्टर. त्यांनी एमआरआय काढायला लावला, साडेसहा हजार गेले, रिपोर्टात लिहून आलं की चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी थोडी सरकलीय. झालं, कारण सापडलं! पट्टा, ट्रॅक्शन, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. तीन महिने पट्टा बांधून फिरलो. नंतर कळलं की साठीच्या पुढच्या धडधाकट माणसाचाही एमआरआय काढला तरी गादी थोडीफार सरकलेली दिसतेच, ज्याची कंबर आयुष्यात कधी दुखली नाही त्याची पण. आणि मणक्यात नस दबली तर बधिरपणा बहुतेक एका पायात, एका ठराविक पट्ट्यात येतो, कंबरेतून कळ निघून खाली जाते. माझ्या दोन्ही पायांना सारखं मोजे घातल्यासारखं आणि वर हाताची बोटं! कंबरेच्या मणक्यातून हाताला नस जातच नाही हो. मी विज्ञानाचा मास्तर, नववीच्या पोरांना चेतासंस्थेची आकृती फळ्यावर काढून दाखवणारा, मला स्वतःला हे सुचू नये याचं जास्त वाईट वाटतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग शुगरचे डॉक्टर. ते म्हणाले शुगरनं नसा जातात, सोपं आहे. बरोबरच आहे ते, शुगर हे पायाच्या बधिरपणाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, त्यात वाद नाही. पण माझं एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज) कायम साडेसहा-पावणेसातच्या आसपास, म्हणजे ताब्यात. तरी रात्रीची एक गोळी सुरू झाली, त्यानं जळजळ कमी झाली पण दिवसभर झापड, बँकेत पासबुक भरायला उभा राहून डुलक्या घ्यायचो. पाय बधिरचे बधिर. ती गोळी दुखणं दाबते, नस सुधारत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता इंजेक्शनचा भाग. चिरंजीव हिंजवडीला असतात, ते म्हणाले बाबा सगळ्या टेस्ट एकदम करून टाकू, पॅकेज आहे. त्याच्या तीन आठवडे आधी मी गल्लीतल्या डॉक्टरांकडून परत तीन लाल इंजेक्शनं मारून घेतली होती कारण मागच्या वेळी बरं वाटलं होतं. रिपोर्ट आला, बी१२ दोन हजारच्या वर! मशीनची मर्यादा संपली असा रिपोर्ट. चिरंजीव खूश, डॉक्टर खूश, 'बी१२ तर भरपूर आहे सर, ते कारण नाहीच'. आणि त्या कारणावर फुली बसली. अहो टाकीत आत्ताच टँकर रिकामा केल्यावर पाण्याची पातळी मोजली तर भरलेलीच दिसणार ना! महिनोन्महिने टाकी कोरडी होती हे त्या रिपोर्टवरून कसं कळणार?

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडं गेलो. तेव्हा पुण्यात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ चालू होती, सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव त्या बाजूला. वेटिंग रूममध्ये प्रत्येक जण आपापल्या पायाकडं बघत बसलेला, जो तो घाबरलेला. मी पण. बाईंना (डॉक्टर बाई होत्या) पहिला प्रश्न तोच विचारला, मला जीबीएस तर नाही? त्या म्हणाल्या काका जीबीएस तासा-दिवसांत वर चढतो, आज पाऊल, उद्या गुडघा, परवा जिना चढता येत नाही, मग श्वासाचे स्नायू, तिथं एक दिवस थांबणं पण महाग पडतं. तुमचं सव्वा वर्ष चाललंय आणि तुम्ही स्वतः चालत आलात. मग म्हणाल्या, बूट काढा.

सव्वा वर्षात पहिल्यांदा कुणीतरी बूट काढा म्हणालं!

आणि मग त्यांनी ड्रॉवरमधून काय काढलं असेल तर नादकाटा (ट्यूनिंग फोर्क). मी हसलोच. एकतीस वर्षं मी तो रबराच्या ठोकळ्यावर आपटून पोरांच्या कानाशी धरला, आमच्या प्रयोगशाळेत २५६ पासून ५१२ हर्ट्झपर्यंतचा अख्खा सेट होता लाकडी पेटीत. त्यांचा १२८ चा होता, टोकाला वजनं लावलेला, म्हणजे हळू आणि बराच वेळ थरथरतो. तो वाजवून त्यांनी बूड माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवलं आणि विचारलं थरथर जाणवतेय? मला वाटलं अजून वाजवलाच नाही. डोळ्यांनी दिसतंय काटा थरथरतोय, कानाला बारीक ऐकू येतंय आणि पायाला काहीच नाही. घोट्यावर, काही नाही. गुडघ्यावर आल्यावर कुठं कळला. माझ्याच काट्यानं मला नापास केलं.

मग डोळे मिटून अंगठा धरून वर केला का खाली ते ओळखायला लावलं, दहातलं सहा चुकलं. पाय जुळवून डोळे मिटून उभं केलं तर पडायलाच आलो, साबणाचं कोडं तिथं सुटलं, पाय कुठं आहेत ही बातमी मेंदूला जातच नव्हती, इतके दिवस डोळे त्यांचं काम करत होते. हातोडीनं घोट्यामागं मारलं तर पाय हलला नाही आणि गुडघ्यावर मारलं तर जोरात उडाला. बाई म्हणाल्या हे बघा, नुसत्या शुगरनं नसा गेल्या तर गुडघा असा उडत नाही, घोटा गप्प आणि गुडघा जोरात म्हणजे पायाच्या नसा आणि पाठीतला मज्जारज्जू दोन्हीला झळ लागलीय. आणि शुगरमध्ये बधिरपणा पायातून चढत जवळजवळ गुडघ्यापर्यंत आला की मग हाताची बोटं धरतो, तुमचं पाऊल आणि हात जवळजवळ बरोबरच. हे बी१२ सारखं दिसतंय.

मी म्हटलं बी१२ दोन हजार आहे. त्या म्हणाल्या रक्त देण्याआधी इंजेक्शन घेतलं होतं का? बास. हा एक प्रश्न आधी कुणी विचारला असता तर!

मग त्यांनी जुनी फाईल मागितली. मंडळींची सवय, सगळे कागद पिशवीत, लग्नपत्रिकांसकट. त्यात २०२२ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचा साधा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) सापडला. हिमोग्लोबिन १३ म्हणून सगळे म्हणाले होते रक्त छान आहे. खाली चौथ्या का पाचव्या ओळीत एमसीव्ही १०९ आणि शेजारी लॅबनं एच (हाय, म्हणजे जास्त) छापलेला. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० असायला पाहिजे. बी१२ कमी पडलं की पेशी नीट विभागत नाहीत, मोठ्या मोठ्या राहतात. म्हणजे मुंग्या यायच्या वर्षभर आधी रक्तानं निरोप दिला होता, दोनशे रुपयांच्या टेस्टमध्ये, आणि तो लग्नपत्रिकांच्या पिशवीत पडून होता. (दारूनं, थायरॉइडनं, काही औषधांनी पण तो आकडा वाढतो, नुसत्या त्यावरून ठरवू नका हेही बाईंनी सांगितलं. थायरॉइड, किडनी, रक्तातल्या प्रोटीनची एक टेस्ट, सगळं केलं, नॉर्मल आलं. नसांची एनसीव्ही पण केली, करंट देऊन मोजतात ती, बारीक बारीक चटके बसतात, सहन होतात.)

कारण काय ते आता ऐका. बी१२ झाडापाल्यात नसतं, मांस मासे अंडी आणि थोडंफार दूध-दह्यात. म्हणजे माझी आवकच बेताची. पोटातलं ॲसिड ते अन्नातून सुटं करतं, ते ॲसिड मी रोज सकाळी गोळीनं मारत होतो. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी१२ शोषलं जाणं कमी होतं. तिन्ही बाजूंनी नाकाबंदी. मेटफॉर्मिन वाईट औषध आहे असं नाही, कृपा करून हे वाचून कुणी बंद करू नका, मी अजून घेतोय, फक्त ते घेणाऱ्यानं बी१२ अधूनमधून मोजून घ्यायचं असतं आणि तेरा-चौदा वर्षांत माझं एकदाही मोजलं नव्हतं. आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ ला छापून आलं, तिघांतल्या दोघांना बी१२ कमी! तेव्हा शाकाहारी घरात शुगर असेल तर हा विचार शेवटी नाही, पहिल्या रांगेत यायला पाहिजे.

मास्तर आहे म्हणून एक आगाऊ माहिती, ते इंजेक्शन लाल का असतं? कारण बी१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा अणू बसलेला असतो. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं तेव्हाही लाल स्फटिकच मिळाले होते आणि डोरोथी हॉजकिन बाईंनी एक्स-रेनं त्याची रचना उलगडली, त्यांना १९६४ चं नोबेल. आपल्याकडं लोक लाल म्हणजे रक्ताचं, ताकदीचं समजून मारून घेतात. औषध एकदम खरं आहे, आज मी त्याच्यावरच उभा आहे, पण ते आधी आणि रक्ततपासणी नंतर असं केलं की पुरावाच पुसला जातो. चोराचा माग काढायचाय आणि आपणच अंगण झाडून ठेवायचं असला प्रकार. आणि पाच इंजेक्शनं घेऊन 'बरं वाटलं' म्हणून थांबलं की आजार परत येतो, दर वेळी थोडा पुढं सरकून. याउलट नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खात राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून जातच राहतात, ते तर अजून फसवं. बी६ चा पण असाच घोळ, कमी पडलं तर नसा बिघडतात आणि जास्त डोसच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तरी बिघडतात, म्हणजे मुंग्यांवरच्या गोळीनंच मुंग्या. बी कॉम्प्लेक्समध्ये हे बी१२, बी६ सगळं असतं, म्हणून तुमच्या लेखातलं 'बी कॉम्प्लेक्स सुरू करा' हे मला खटकलं. आधी रक्त द्या, मग काय टोचायचं ते टोचा.

पण सगळ्यांचं बी१२ च असतं असं मी म्हणालो तर मी पण त्या पट्ट्यावाल्या डॉक्टरांसारखाच झालो. म्हणून आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचं सांगतो. त्यांची परवानगी घेतलीय, नाव लिहू नका म्हणाले. २०१६ ची गोष्ट. मामांच्या चपलेत खिळा वर आलेला, दिवसभर तसेच वावरले, संध्याकाळी रक्त बघून कळलं. ती जखम काही भरेना. दीड वर्ष ड्रेसिंग, शुगर तपासली तर नॉर्मल, मलम बदललं, डॉक्टर बदलले. त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं, घंटेची दोरी ओढताना दिसायचं, आम्ही म्हणायचो मामा हात आखडला तुमचा. पाठीवर एक फिकट चट्टा होता त्याला ते शिबं समजायचे. मग घरोघर तपासणी करणारी आरोग्य खात्याची माणसं आली. अशी माणसं आली की लोक 'आमच्याकडं तसलं काही नाही' म्हणून दार लावून घेतात, मामींनी ताक प्यायला बसवलं म्हणून तपासणी झाली. त्या कार्यकर्त्यानं चट्ट्याला पेनचं टोक लावलं, कळेना. कोपराच्या आतल्या बाजूला जिथं आपटलं की झिणझिण्या येतात तिथं हात फिरवला तर नस दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग.

कुष्ठरोग गेला ना म्हणतात लोक. डिसेंबर २००५ पर्यंत देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण राहिले, म्हणजे कमी झाला, गेला नाही. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन आणि दत्तपूर उभं राहिलं तिथल्या डॉक्टरांच्या यादीतून हे कारण कसं गळलं याचं मला नवल वाटतं. हा रोग मुळात नसांचाच आहे, कातडीवर दिसतो म्हणून आपण कातडीचा समजतो, आणि काही जणांना तर चट्टा येतच नाही, नुसती नस जाड आणि बधिरपणा. जंतू शिरल्यापासून लक्षण दिसायला पाच-पाच वर्षं, कधी वीस वर्षंसुद्धा लागतात त्यामुळे कुठून आला हे शोधण्यात अर्थ नसतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट, मामांना बारा महिन्यांचा कोर्स झाला, मऊ रबरी तळाच्या चपला मिळाल्या, जखम भरली. बोटं मात्र वळलेलीच राहिली, ती वेळेत कळलं असतं तर वाचली असती. त्यांचं दुखणं कळलं तेव्हा स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी त्यांच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं होतं, उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांत संसर्ग थांबतो हे सांगूनही. त्यातले एक विज्ञानाचेच होते. जाऊ दे.

म्हणजे बघा, बाहेरून तक्रार एकच, पाय बधिर. माझं कारण पोटात आणि गोळ्यांत, मामांचं जंतूत. कुणाचं थायरॉइडमध्ये असतं, कुणाचं किडनीत, कुणाचं रोजच्या क्वार्टरमध्ये आणि तो डॉक्टरांना सांगत नाही. कॅन्सरच्या काही औषधांनी होतं. टीबीच्या एका गोळीनं होतं आणि ते होऊ नये म्हणूनच सोबत बी६ ची छोटी गोळी देतात, लोक मोठ्या गोळ्या घेतात आणि ही छोटी 'व्हिटॅमिनची आहे' म्हणून टाकून देतात. उकिडवं बसून दिवसदिवस भांगलण करणाऱ्या बायकांची गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते, पाऊल वरून बधिर होतं आणि चालताना लोंबतं, तिथं कंबरेचा पट्टा काय करणार? आणि सगळ्या टेस्ट करूनही कारण सापडत नाही असेही बरेच लोक असतात, ते बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. पण शोधून न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं.

धावत जायची लक्षणं तेवढी तुमच्या पुढच्या पुरवणीत चौकट करून टाका, हात जोडून विनंती. बधिरपणा दिवसागणिक वर चढतोय आणि पायातली ताकद जातेय, किंवा जांघेत, बसायच्या जागेला बधिर होऊन लघवी अडकलीय किंवा कळत नाहीये, किंवा एकाच बाजूचा हातपाय अचानक गेला आणि तोंड वाकडं, किंवा एकच पाय एकदम गार, पांढरा आणि प्रचंड दुखणारा. यातलं काही झालं तर कांस्याची वाटी ठेवायची आणि मोठ्या हॉस्पिटलची गाडी धरायची, रात्र असली तरी.

बाकीच्यांनी घरी एक साधी गोष्ट करावी, बाईंनी शिकवलेली. डोळे मिटून पडायचं, घरातल्या कुणीतरी आपल्या बोटाच्या टोकानं पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही, दोन्ही पायांना मिळून सहा जागा. कळलं की डावा-उजवा म्हणायचं. सहातल्या दोन किंवा जास्त हुकल्या तर डॉक्टरकडं जा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावानं ती ओळखली जाते, खर्च शून्य. आणि जाताना मोजे काढायला सोपे पडतील असं पायताण घालून जा, तीन वर्षांतले रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक, ताकदीची सगळी) घेऊन जा आणि डॉक्टरांनी पाय बघितला नाही तर नम्रपणे म्हणा, साहेब जरा पाय बघता का. मी मास्तर असून मला ते म्हणायला सव्वा वर्ष संकोच वाटला.

माझं विचाराल तर फेब्रुवारी २०२५ पासून नियमानं इंजेक्शन, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला आणि ते जन्मभर असणार. पहिले काही आठवडे मुंग्या उलट वाढल्या होत्या, घाबरून फोन केला तर बाई म्हणाल्या नस जागी होताना कुरकुर करते. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच सुटली. दहा महिने झाले, हाताची बोटं जवळपास पूर्ण सुधारली, बटणं न बघता लागतात. साबण लावून डोळे मिटून उभा राहतो. पाय निम्मे आलेत, बाकीचे येतील का ते सांगता येत नाही, नसा फार हळू दुरुस्त होतात आणि उशीर झाला तर काही भाग राहून जातो.

आणि आता तुमचं गरम पाणी. २०२४ च्या थंडीत मी पण मीठ घालून पाय बुडवले होते, पायाला कोमट वाटलं म्हणून बसलो आरामात टीव्ही बघत. मंडळींनी टॉवेल द्यायला म्हणून हात घातला आणि ओरडल्याच. दोन्ही पायांवर फोड, डाव्या पावलावर डाग अजून आहे, भरायला दोन महिने लागले, शुगरच्या माणसाला त्यात पाय गमवायची पाळी येऊ शकते. ज्याचा पाय बधिर आहे त्याला पाणी किती गरम हे पाय सांगूच शकत नाही, आणि तुमचा लेख नेमका त्याच माणसासाठी होता. एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापा. पाण्यात आधी कोपर घालून बघा, नाहीतर घरातल्या धडधाकट माणसाला बघायला सांगा, असं तरी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड

ता.क. शाळेच्या प्रयोगशाळेतून २५६ चा नादकाटा मागून आणलाय, डॉक्टरांच्या काट्याची सर त्याला नाही पण महिन्यातून एकदा रविवारी पायाला लावून बघतो. घोट्याला तीन-चार सेकंद कळतो आता. मुख्याध्यापक बाईंचा परवा फोन आला, सर काटा परत कधी देताय, प्रात्यक्षिकं आली. म्हटलं अंगठ्याला कळला की लगेच.